इंग्रजीचा शिक्षक भाषांतर का शिकत नाही?

आपल्या विद्यापीठांत इंग्रजी शिकविणारा शिक्षक एका खोलीत तयार होतो आणि भाषांतर करणारा दुसऱ्या खोलीत. पहिल्याला भाषांतर शिकविले जात नाही आणि दुसऱ्याला शाळेचा वर्ग दाखविला जात नाही. दोघेही पदवी घेऊन बाहेर पडतात. परंतु ज्या मुलांपुढे आणि ज्या वाचकांपुढे त्यांना उभे राहायचे असते, त्यांच्या भाषेशी या पदवीचा संबंध फारच थोडा असतो. या व्यवस्थेचा सर्वांत मोठा फटका उर्दू माध्यमाच्या मुलाला बसतो, असे माझे स्पष्ट मत आहे. हे मत मी उर्दू शाळेतील एक शिक्षिका म्हणून, रोज वर्गात जे दिसते त्याच्या आधारावर मांडते आहे.

आधी या अभ्यासक्रमांत काय असते ते पाहू. इंग्रजी हा मुख्य विषय घेऊन बी.ए. करणारा विद्यार्थी शेक्सपिअर वाचतो, वर्डस्वर्थ वाचतो, भारतीयांनी इंग्रजीत लिहिलेली एखाददुसरी कादंबरी वाचतो, समीक्षेचे सिद्धांत आणि थोडे भाषाशास्त्र शिकतो. त्याने हे वाचू नये असे मी म्हणत नाही. पण या वर्गातील फार मोठा गट पुढे शिक्षक होतो, हे सर्वांना ठाऊक आहे. तरीही इंग्रजी अध्यापन हा विषय बहुधा एम.ए.ला, तोही ऐच्छिक म्हणून भेटतो. भाषांतराचेही तेच. मी शिकले तेथे भाषांतराचा जो पेपर होता, त्यात याकोबसन यांचे भाषांतराचे तीन प्रकार, कॅटफर्ड यांची व्याख्या आणि नायडा यांचा समतुल्यतेचा सिद्धांत होता. परीक्षेत व्याख्या विचारल्या, टीपा विचारल्या. भाषांतर करण्यासाठी एक परिच्छेदसुद्धा आला नाही. पोहण्याच्या परीक्षेत पाण्याचे रासायनिक सूत्र विचारावे, असा तो प्रकार होता.

त्यानंतर बी.एड. इंग्रजी अध्यापन पद्धतीत आम्हाला प्रत्यक्ष पद्धती, रचना पद्धती, संप्रेषण पद्धती शिकविल्या. व्याकरण-भाषांतर पद्धतीचे फक्त दोष पाठ करून घेतले. सरावपाठासाठी मला उर्दू शाळेची सहावी मिळाली. पाठ टाचणात 'मातृभाषेचा वापर' या रकान्यात काहीच लिहायचे नसते, हे आधीच सांगितलेले होते. मी एका शब्दाचा अर्थ उर्दूत सांगितला, तर निरीक्षकांनी शेरा मारला की मातृभाषेचा वापर टाळावा. टाळून काय करावे, हे मात्र शेऱ्यात नव्हते. त्या मुलाच्या डोक्यात उर्दू आहे. तो घरी दख्खनी बोलतो आणि गल्लीत मराठी ऐकतो. या तिन्ही भाषा दाराबाहेर चपलांसारख्या काढून ठेवा आणि मग इंग्रजी शिकायला आत या, असे आपण त्याला सांगतो.

याने नेमके काय बिघडते? काही साधी उदाहरणे देते.

उर्दूत 'कल' म्हणजे गेलेला दिवसही आणि येणारा दिवसही. क्रियापदावरून अर्थ कळतो. उर्दू माध्यमाचा मुलगा 'टुमारो आय वेंट' असे लिहितो तेव्हा तो मंद नसतो. त्याच्या भाषेत त्या जागी एकच शब्द आहे, म्हणून तो तसे लिहितो. भाषांतर शिकलेला शिक्षक ताबडतोब म्हणेल, मराठीत बघ, 'काल' वेगळा आणि 'उद्या' वेगळा, इंग्रजीतही तसेच. मुलगा हसतो आणि पुन्हा चुकत नाही. मग तोच शिक्षक विचारेल, मराठीतला 'परवा' मागचा की पुढचा? इथे मराठीही उर्दूसारखीच वागते, हे मुलाला कळते. भाषांतर न शिकलेला शिक्षक फक्त लाल रेघ मारतो.

दुसरे उदाहरण. आमची मुले 'स्कूल'ला 'इस्कूल' म्हणतात आणि लोक त्यांना हसतात. पण उर्दूत तो शब्द लिहिलाच जातो अलिफने सुरू करून. मुलगा जे वाचतो तेच बोलतो. त्याला मराठीतले 'स्नान', 'स्थळ', 'स्वच्छ' म्हणायला लावा. मराठीच्या तासाला तो हे शब्द म्हणतच असतो. मग 'स्कूल' म्हणायला त्याला किती वेळ लागेल? म्हणजे औषध त्याच्याच दप्तरात, मराठीच्या पुस्तकात आहे. पण ते काढून देण्याचे शिक्षण इंग्रजीच्या शिक्षकाला कोणी दिलेले नाही.

तिसरे उदाहरण विज्ञानाचे. आमच्या शाळेत मूल 'जियाई तालीफ' शिकते. शेजारच्या मराठी शाळेत तेच 'प्रकाशसंश्लेषण' असते. दहावीनंतर विज्ञान शाखेला गेल्यावर दोन्हीकडच्या मुलांपुढे 'फोटोसिंथेसिस' येऊन उभे राहते, कारण तेथे शिक्षण प्रामुख्याने इंग्रजीतून आहे. आता या तीन शब्दांकडे नीट पाहा. जिया म्हणजे प्रकाश, फोटो म्हणजे प्रकाश. तालीफ म्हणजे एकत्र जोडणे, सिंथेसिस म्हणजेही एकत्र जोडणे, आणि संश्लेषण म्हणजेही तेच. तिन्ही शब्दांची बांधणी एकच आहे. पाच मिनिटांत हे फळ्यावर दाखविता येते, आणि ज्या मुलाने ते पाहिले त्याला तो इंग्रजी शब्द परका वाटत नाही. अकरावीच्या पहिल्या तीन महिन्यांत उर्दू माध्यमाची किती मुले विज्ञान सोडून कला शाखेत येतात, हे ज्यांच्या घरात अशी मुले आहेत त्यांना सांगायला नको. बुद्धी कमी म्हणून ती सर्व परत येत नाहीत. मधला पूल कोणी बांधलेला नसतो.

मातृभाषेवरची ही बंदी आली कोठून? ती काही आकाशातून उतरलेली नाही. १८७८ साली अमेरिकेत मॅक्सिमिलियन बर्लिट्झ यांनी भाषा शिकविण्याची शाळा काढली आणि तेथे विद्यार्थ्याच्या भाषेला मज्जाव केला. पैसे भरून येणाऱ्या प्रौढांसाठी तो धंदा उत्तम चालला. पुढे १९६१ साली युगांडातील मकेरेरे येथे इंग्रजी अध्यापनावर राष्ट्रकुल देशांची परिषद भरली. इंग्रजी इंग्रजीतूनच शिकवावी, जन्माने इंग्रजी बोलणारा शिक्षक हाच आदर्श, अशा समजुती त्या परिषदेने पक्क्या केल्या. या समजुतींना रॉबर्ट फिलिप्सन यांनी १९९२ साली आपल्या 'लिंग्विस्टिक इम्पिरिअलिझम' या पुस्तकात भ्रम म्हटले. २०१० साली गाय कुक यांनी भाषा-अध्यापनात भाषांतराला परत आणा, असे सांगणारे स्वतंत्र पुस्तक लिहिले. आपल्याकडे २००५ च्या राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखड्याने मुलांची बहुभाषिकता ही संपत्ती मानली. २०२० च्या शैक्षणिक धोरणाने द्विभाषिक अध्यापनाला उत्तेजन दिले. म्हणजे जग पुढे गेले, सरकारी कागदही पुढे गेले, आणि सरावपाठाच्या वहीतला शेरा मात्र होता तेथेच राहिला.

या बंदीतली आणखी एक गंमत पाहा. इंग्रजांनी १८०० साली कलकत्त्यात फोर्ट विल्यम कॉलेज काढले ते आपल्या अधिकाऱ्यांना इथल्या भाषा शिकविण्यासाठी. मीर अम्मन यांचे 'बाग-ओ-बहार' हे उर्दू गद्यातले अव्वल पुस्तक त्याच अधिकाऱ्यांच्या अभ्यासासाठी तयार झाले. तेथेच मराठी शिकविणाऱ्या विल्यम केरी यांनी मराठीचे व्याकरण इंग्रजीत लिहून १८०५ साली छापले. उर्दू आणि मराठी तेव्हा एकाच छपराखाली शिकविल्या जात होत्या, आणि स्वतःच्या इंग्रजीचा आधार घेऊन शिकविल्या जात होत्या. इंग्रज आमच्या भाषा आपल्या भाषेतून शिकले. आम्हाला मात्र त्यांची भाषा आमची भाषा विसरून शिकायला सांगितली जाते, आणि आम्ही ते शास्त्र म्हणून मान्य करतो. मेकॉले यांना १८३५ साली निदान दुभाष्यांचा एक वर्ग हवा होता. आजचा इंग्रजीचा पदवीधर दुभाष्याचेही काम करू शकत नाही. त्याच्या हातात तहसील कार्यालयाचा एक मराठी अर्ज आणि दवाखान्याचा एक इंग्रजी कागद द्या आणि त्याच्या मोहल्ल्यातील म्हाताऱ्या खालाजानला उर्दूत समजावून सांगायला सांगा. काय होते ते पाहा.

भाषांतर ही आमच्या परंपरेला नवीन गोष्ट नाही. एकोणिसाव्या शतकात दिल्ली कॉलेजात गणित आणि विज्ञानाची पुस्तके उर्दूत आणण्याचे काम झाले. मास्टर रामचंद्र तेथलेच. सर सय्यद अहमद खान यांनी १८६४ साली गाझीपूरला सायंटिफिक सोसायटी काढली ती इंग्रजी ग्रंथांच्या भाषांतरासाठी. हैदराबादला उस्मानिया विद्यापीठ उर्दूतून उच्च शिक्षण देऊ लागले तेव्हा त्यासोबत दारुल तर्जुमा होते, आणि इंग्रजी हा विषयही सक्तीचा होता. या कामाशी ज्यांचे नाव कायमचे जोडले गेले त्या मौलवी अब्दुल हक यांच्या आयुष्यातील मोठा काळ आपल्या औरंगाबादेत गेला. त्यांचा इंग्रजी-उर्दू शब्दकोश १९३७ साली निघाला. अध्यापन आणि भाषांतर ही एकाच गाडीची दोन चाके आहेत, हे त्या माणसांना कळत होते.

उस्मानियाचे सगळेच चांगले होते असे मात्र नाही. मराठवाड्यातील मराठी मुलाला तेथे उर्दूतून शिकावे लागे. दारुल तर्जुमाचे काम उर्दूसाठी होते, मराठी, तेलुगू आणि कन्नड बोलणाऱ्या रयतेसाठी नव्हते. एकाच दिशेने वाहणारे भाषांतर शेवटी सत्तेचे भाषांतर होते. आजच्या विद्यापीठातही ते एकाच दिशेने वाहते आहे, फक्त सत्तेची भाषा बदलली आहे. पेपर असतो तो इंग्रजी आणि एका भारतीय भाषेचा. उर्दू आणि मराठी यांच्या मधोमध थेट रस्ता नाही. मराठीतून उर्दूत जायचे तर इंग्रजीच्या किंवा हिंदीच्या फाटकातून जावे लागते. सेतुमाधवराव पगडी यांनी फारसी-उर्दूतले जे धन मराठीत आणले, श्रीपाद जोशी यांनी उर्दू-मराठी शब्दकोशासाठी जे कष्ट घेतले, ते त्यांच्या स्वतःच्या ओढीने. अशी माणसे घडविणारा अभ्यासक्रम आपल्या विद्यापीठांनी उभा केला नाही.

हा रस्ता का हवा, ते एका शब्दावरून सांगते. उर्दूत 'हम' म्हणतात, इंग्रजीत 'वी'. दोन्हीकडे एकच शब्द. मराठीत मात्र दोन आहेत, 'आम्ही' आणि 'आपण'. 'आम्ही' म्हटले की समोरचा बाहेर राहतो, 'आपण' म्हटले की तो आत येतो. उर्दूतील एखादा लेख मराठीत आणताना प्रत्येक 'हम'पाशी थांबून ठरवावे लागते की हा 'आम्ही' आहे की 'आपण'. इंग्रजीमार्गे भाषांतर करणारा सरसकट 'आम्ही' लिहून मोकळा होतो, आणि मराठी वाचकाला वाटते की हे लोक सदा स्वतःपुरतेच बोलतात. आमच्या दख्खनी बोलीत 'अपन' आहेच. घरात जो भेद आम्ही सहज करतो, तो छापील पानावर हरवतो, कारण दोन्ही भाषा हाताशी धरून भाषांतर करणे कोणी शिकविलेले नसते. महाराष्ट्रातील मुसलमानांच्या बाबतीत ही केवळ व्याकरणाची गोष्ट नाही.

आता आक्षेपांकडे वळते.

पहिला आक्षेप असा की भाषांतर पद्धतीने पिढ्यान् पिढ्या मुक्या केल्या. दहा वर्षे इंग्रजी शिकून मुलांना चार वाक्ये बोलता येत नव्हती. हे खरे आहे. पण त्या पद्धतीत होते काय? सुटी वाक्ये, पाठ केलेले नियम आणि घोकलेले अर्थ. सुरीने बोट कापले म्हणून स्वयंपाकघरातून सुरी काढून टाकत नाहीत, ती धरायला शिकवितात. शिवाय दहा वर्षे 'फक्त इंग्रजी'च्या उपदेशानंतर तरी मुले कोठे बोलू लागली? महाराष्ट्रात २००० सालापासून इंग्रजी पहिलीपासून आहे. तेव्हा पहिलीत असलेली मुले आज पालक झाली आहेत. त्यांनाच विचारा.

दुसरा आक्षेप असा की मातृभाषेला दार उघडले तर शिक्षक सगळा तास उर्दूतच घेतील. मी विचारते, आज काय चालते? निरीक्षक गेले की दार बंद होते आणि इंग्रजीचा धडा ओळीओळीने उर्दूत सांगितला जातो. मुले पेन्सिलीने अर्थ लिहितात आणि तेच घोकतात. म्हणजे बंदी असूनही भाषांतर चालूच आहे. ते चोरून चालते म्हणून वाईट चालते. कोणता शब्द उर्दूत सांगावा, कोणता चित्राने दाखवावा, कोणते वाक्य मुलाला स्वतः झगडून समजू द्यावे, हा विवेक शिक्षणाने येतो. अभ्यासक्रमाने तो दिला नाही आणि दोष शिक्षकाच्या आळसाला दिला.

तिसरा आक्षेप आमच्याच घरातून येतो. उर्दू-मराठीची कटकट कशाला, मुलाला सरळ इंग्रजी शाळेत घाला. ज्यांना मोठ्या शहरातील महागडी शाळा परवडते त्यांचे सोडून द्या. गल्लीतल्या इंग्रजी शाळेत शिकविणारी बाई याच अभ्यासक्रमातून आलेली असते, आणि मुलाच्या घरची भाषा तीच असते. तेथे फक्त एवढेच होते की मुलाला उर्दू वाचता येत नाही, मराठी लिहिता येत नाही आणि इंग्रजी समजत नाही. फी भरली म्हणून हे समाधानाने सांगायचे एवढेच.

चौथा आक्षेप नवीन आहे. आता मोबाईलच भाषांतर करतो, माणसाला शिकवायचे कशाला? यंत्र उपयोगी आहे, मीही ते वापरते. पण उर्दूत 'इस' आणि 'उस' हे दोन शब्द जेर-पेश न देता लिहिले की एकसारखेच दिसतात. हा की तो, हे मागच्या-पुढच्या मजकुरावरून माणूस ठरवितो. यंत्र बऱ्याचदा बरोबर ठरविते आणि कधी चुकते, आणि चुकते तेव्हाही तितक्याच ठामपणे चुकते. जमिनीच्या कागदात, औषधाच्या चिठ्ठीत, पोलिसांपुढच्या जबाबात ती एक चूक पुरते. यंत्राचे काम तपासणारा माणूस दोन्ही भाषा जाणणारा लागतो, आणि त्याची गरज आता वाढली आहे.

दुसऱ्या देशांची साक्ष काढायची तर इराण आणि तुर्कस्तान पाहा. तेथे इंग्रजी भाषांतर हा स्वतंत्र चार वर्षांचा पदवी अभ्यासक्रम आहे, आणि इंग्रजी अध्यापनाचा वेगळा आहे. फारसी किंवा तुर्की ही तेथल्या विद्यापीठाची मुख्य भाषा, म्हणून भाषांतर हा तेथे मानाचा धंदा झाला. त्यांची हुबेहूब नक्कल मला नको. तेथेही शिक्षक आणि भाषांतरकार वेगवेगळ्या वर्गांतच घडतात. आमच्या मुलाच्या डोक्यात तीन-चार भाषा आहेत, म्हणून आम्हाला दोन्ही कामे जाणणारा माणूस हवा.

तेव्हा माझ्या मागण्या या आहेत. इंग्रजी मुख्य विषय असलेल्या पदवीला प्रात्यक्षिक भाषांतराचा पेपर सक्तीचा करावा, दोन्ही दिशांनी, विद्यार्थ्याच्या स्वतःच्या भाषेत आणि तिच्या लिपीत. परीक्षेत व्याख्या कमी आणि परिच्छेद जास्त असावेत. परिच्छेद कवितेचेच नकोत. अर्ज, नोटीस, औषधाची माहिती, विज्ञानाच्या पुस्तकाचे पान हेही हवे. बी.एड.च्या इंग्रजी अध्यापन पद्धतीत मुलाच्या भाषेशी इंग्रजीची तुलना हा घटक असावा, आणि काही सरावपाठ तरी असे असावेत की ज्यांत मातृभाषेचा वापर कोठे, किती आणि का, हे टाचणात लिहावे लागेल. वेळ नाही ही सबब आता चालणार नाही, कारण २०१५ पासून बी.एड. दोन वर्षांचे आहे. आणि उर्दू व मराठी विभागांनी मिळून थेट उर्दू-मराठी भाषांतराचा वर्ग काढावा. एकाच आवारात वर्षानुवर्षे असलेल्या या दोन विभागांनी एकमेकांच्या चहाशिवाय आणखी काही वाटून घेतल्याचे मी तरी पाहिलेले नाही.

आमच्या समाजातील शिक्षणसंस्थांनाही मी सोडणार नाही. त्यांची स्वतःची महाविद्यालये आहेत, बी.एड. कॉलेजे आहेत. दरवर्षी 'यौमे उर्दू' साजरा होतो, मुशायरे होतात, मंचावरून उर्दूच्या गोडव्याचे गुणगान होते. त्याच संस्थेत इंग्रजीचा तास उर्दूला बंदी घालून चालतो आणि मराठीचा तास कसाबसा उरकला जातो. उर्दूवर प्रेम असेल तर ते मुलाच्या कामी आले पाहिजे. पदवीच्या नव्या रचनेत कौशल्यावर आधारित विषयांना जागा आहे. ती जागा भाषांतराने भरा, त्यासाठी विद्यापीठाच्या आदेशाची वाट पाहू नका. काही मराठी प्राध्यापकांना उर्दू परकी वाटते आणि काही उर्दूच्या उस्तादांना मराठी सरकारी वाटते. दोघांच्या या अढीची किंमत पंधरा वर्षांचे मूल भरते आहे.

शेवटी, इंग्रजीच्या अभ्यास मंडळावर बसणाऱ्या प्राध्यापकांना एकच विनंती. पुढचा अभ्यासक्रम ठरविण्याआधी एकदा उर्दू शाळेच्या सहावीला इंग्रजीचा सलग आठवडाभर तास घ्या. मुलांना उर्दू-मराठीत एक अक्षर सांगू नका. शुक्रवारी त्यांच्या वह्या तपासा, आणि सोमवारी अभ्यास मंडळाच्या बैठकीला येताना त्या वह्या सोबत आणा.